एका ‘बे’ची तक्रार

सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं आणि ताईचा फोन आला. ताई रडत नव्हती. घरातली एखादी वस्तू सापडेनाशी झाली की ती ज्या आवाजात बोलते, त्याच आवाजात म्हणाली, “दिलीप, तू ये बरं इकडे. तुझे भाऊजी उठूनच नाही राहिले...” डॉक्टरला बोलावलं का, असं मी विचारलं. त्यावर ती पुन्हा एवढंच म्हणाली, “तू ये.” मी शटर तसंच खाली ओढलं. अड्याळहून ताईचं गाव मोटारसायकलनं तासाभराच्या वाटेवर आहे. धान चुरून, मळून झालं होतं, शेतातल्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या, धुकं होतं, आणि वाटभर मी भाऊजींशी भांडत होतो. ना बीपी, ना साखर. आदल्या संध्याकाळी तर फोनवर मला म्हणाले होते की तुझ्या दुकानातला हरभरा उगवला नाही, उद्या येतो भांडायला. ज्या माणसाला उद्या भांडायला यायचं आहे तो सकाळी उठत नाही म्हणजे काय? पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. जो तो हळू आवाजात एकमेकांना सांगत होता, “धनराजजी गेले.” धनराजजी... त्या ‘जी’नं माझा बांध फुटला. एवढ्याशा अक्षरानं रडू का यावं, हे बाहेरच्या माणसाला समजणार नाही. त्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. आता तेरवी होऊन बरेच दिवस झालेत आणि हरभरा, खरं सांगायचं तर, चांगला उगवला आहे.

पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत माणसाला हाक मारायच्या तीन पायऱ्या आहेत. मोठ्याला, पाहुण्याला, जावयाला ‘जी’. बरोबरीच्याला ‘गा’. आणि ज्याच्यासोबत लहानपणी म्हशीच्या पाठीवर बसून तलावात उतरलो, ज्याच्या वाट्याची बोरं चोरून खाल्ली, त्याला ‘बे’. ‘काय बे’, ‘ये बे’, ‘मेला होतास का बे?’ नवख्या माणसाला हे भांडण वाटतं. दोन म्हातारे तसे बोलत असले की समजावं, त्यांचं बरं चाललं आहे. पण गोम अशी, की ज्याला कशातच मोजायचं नाही त्यालाही आमच्याकडे ‘बे’च म्हणतात. शब्द तोच, मायेचाही आणि लाथेचाही. कुठला कोणता हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. कागदावर उतरवलं की मात्र दोन्ही सारखेच दिसतात, आणि भाऊजींची सारी हयात नसली तरी शेवटची काही वर्षं या सारखेपणानं नासवली. त्यांच्या वयाचं सगळं गाव त्यांना ‘धन्या बे’ म्हणायचं. मेले तेव्हा ते धनराजजी झाले होते.

माझ्या थोरल्या बहिणीचं, कुसुमताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. भाऊजी उंच, काटक, तलावाखालच्या शेतीत राबणारे आणि कोणाचंही वाकडं बोलणं सहन न करणारे. मोठ्या अन्यायाविरुद्ध लढणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या सभा होतात, हार घालतात. भाऊजींचं तसं नव्हतं. त्यांना लहान गोष्टी खुपायच्या. एकदा एसटीतून सानगडीच्या बाजाराला निघाले होते. एका म्हातारीला उठायला जरा वेळ लागला तर कंडक्टरनं घंटी मारली आणि तिला पुढच्या थांब्यावर उतरवलं. भाऊजी तिच्यासोबत उतरले, तिला चालवत मागं तिच्या गावी पोचवलं आणि बाजार सोडून थेट डेपोत गेले. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं, चहा पाजला आणि परत पाठवलं. “मंग भेटलं काय?” मी विचारलं. “चाय भेटला नं,” ते म्हणाले आणि हसले. ताईनं कपाळाला हात लावला. तिचा बाजार राहिला होता.

माझं अड्याळला कृषी केंद्र आहे. खतं, बियाणं, औषधं विकणाऱ्या माणसाला दात दाखवून हसता आलं पाहिजे. तपासणीला येणारे येतात, खुर्ची ओढून बसतात, नावानं अरेतुरे करतात, मी हसतो. दुभत्या गाईच्या लाथा गोड, हे मी दर भाऊबीजेला भाऊजींना ऐकवत असे. त्यावर त्यांचंही उत्तर ठरलेलं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही दिलीपराव, काळ सोकावतो. मला चिडवायचं असलं की ते मला ‘राव’ लावत. एवढं झालं की आम्ही जेवायला बसायचो. वाद असा होता की त्यानं कोणाचं काही बिघडत नव्हतं... निदान तोवर तरी.

भाऊजींच्या गावाला नवीन तलाठी आला. आमचे लोक अजून पटवारीच म्हणतात. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्या पोराचंही नाही, कारण तो वाईट माणूस नव्हता आणि त्याच्यापुढं अजून अख्खी नोकरी आहे. जिल्ह्यातलाच, तिशीच्या आतबाहेरचा. ठरल्या दिवशी येणार म्हणजे येणार. चहासुद्धा स्वतःचा स्वतः मागवायचा. सकाळी मागितलेला कागद दुपारी हातात. अतिवृष्टीत तो पँट दुमडून बांध्याबांध्यांतून फिरला होता. असा तलाठी मिळायला पुण्याई लागते. फक्त त्याचं तोंड. गरीब दिसणाऱ्या, अंगठा देणाऱ्या, धोतर घातलेल्या प्रत्येक माणसाला तो ‘बे’ म्हणायचा. बापाच्या वयाचा असो की आज्याच्या. ‘सरक बे’, ‘दाब बे अंगठा’, ‘बहिरा आहे का बे?’ शर्ट-पँटवाल्याला ‘तुम्ही’. भाऊजी शर्ट-पँट घालत.

इस्तारी हा भाऊजींचा जिवलग. दोघांची शेतं धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून. एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही. इस्तारी धोतर नेसतो, अंगठा देतो, मऊ माणूस आहे. त्या दिवशी दोघं मिळून कचेरीत गेले होते, इस्तारीच्या वडिलोपार्जित जमिनीच्या फेरफारासाठी. पुढं काय झालं ते मला भाऊजींनी सांगितलं आणि नंतर इस्तारीनंही सांगितलं, दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक नाही. दारात गर्दी होती. तलाठ्यानं मान वर न करता म्हटलं, “उजेड अडवू नको बे बुढ्या, सरक तिकडे.” इस्तारी हसून सरकला. भाऊजी म्हणाले, “साहेब, तुमच्या बापाच्या वयाचा आहे तो.” तलाठ्यानं आता मान वर केली. तो खरोखर चकित झाला होता म्हणे. “तुमीच तं आत्ता दारात त्याले बे म्हणून राहिले होते. मी आयकलं. तुमी म्हणलं तं चालते, अन् मी म्हणलं तं बाप काढता?” लोक हसले. भाऊजी म्हणाले, “मी त्याले म्हणतो, तो मले म्हणते. तो तुमाले म्हणू शकते का? विचारा त्याले.” तलाठ्यानं इस्तारीकडं पाहिलं आणि इस्तारीनं जमिनीकडं. मग तलाठी म्हणाला, “रिकामं बोलू नका, काम असंल तं सांगा.”

आता इथंच थांबायचं होतं. बोलायचं ते बोलून झालं होतं, आणि फार चांगलं बोलून झालं होतं. मी आजही म्हणतो, इथं थांबले असते तर माझे भाऊजी शेवटपर्यंत ‘धन्या’ राहिले असते. पण त्यांनी वरच्या कचेरीत लेखी तक्रार केली. अमुक कर्मचारी वयोवृद्ध नागरिकांना ‘बे’ असे संबोधतो, एवढीच. मला कळलं तेव्हा मी दुकान सोडून त्यांच्याकडं गेलो आणि खूप बोललो. एवढ्या मोठ्या देशात, म्हटलं, माणसं खाणारी माणसं मोकळी आहेत, आणि तुम्ही पायलीभर धान्यात एक खडा शोधून बसलात! तो पोरगा काम करतो, हात स्वच्छ आहेत, तोंड तेवढं सोडा. ताई माझ्या बाजूनं होती. ती म्हणाली, “त्यायले सांगून काही फायदा नाही. पोळी वाढताना तव्यावरची फुगली नाही तं ते तव्याचीबी तक्रार करतेत.” भाऊजी ऐकत होते. मग म्हणाले, “दिलीप, खाणाऱ्याची तक्रार तं सारेच करतेत. हे कोण करल?” मला राग आला आणि मी न जेवताच निघालो.

आणि मग ते झालं, ज्याची कोणीच कल्पना केली नव्हती. तलाठ्यानं सूड घेतला नाही. तो सभ्य झाला. वरून विचारणा आल्यावर पुढच्याच खेपेला तो आला आणि दारात उभ्या असलेल्या पहिल्याच धोतरवाल्याला म्हणाला, “आपण अर्ज दिला आहे का?” माणूस मागं वळून पाहू लागला, आपण म्हणजे कोण! त्या दिवसापासून सगळ्या गावाला ‘आपण’. आणि ‘आपण’सोबत नियम. आपला अर्ज नोंदवा. आपणास मुदतीत कळवण्यात येईल. आपण पुढच्या आठवड्यात या. सकाळी मागितलेला कागद दुपारी मिळायचा तो आता महिन्यावर गेला. त्याला कोणी दोष देऊ शकत नव्हतं, मुदत नियमातलीच होती. पोरांचे उत्पन्नाचे दाखले अडकले. धान विकायच्या नोंदणीला सातबारा लागतो, तो वेळेत आला नाही, तेव्हा कित्येकांनी धान व्यापाऱ्याच्या दारात नेऊन टाकलं. नवीन सुनांची नावं चढेनात, मेलेल्यांची उतरेनात. गावानं इतका मान आयुष्यात पाहिला नव्हता आणि इतके हालही.

लोक मग भाऊजींच्या अंगणात येऊ लागले. आधी थट्टेनं. “अगा धनराज, तुझ्या पायी आमी आपण झालो गा!” नंतर थट्टा संपली. ताई सांगते, एक बाई पोराला घेऊन आली, त्याचा कॉलेजचा अर्ज दाखल्यावाचून राहिला होता. ती नुसती ओसरीवर बसली आणि उठून गेली. शेवटी इस्तारी आला. त्याचा फेरफार तसाच पडून होता, आणि त्याच्या पुतण्याशी वाटणीचा वाद असल्यामुळं त्याच्या जिवाला घोर लागला होता. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, “धन्या, मले बे चालते. मले कायले मान पायजे बे? मले माझा फेरफार पायजे. तू घे ना ते मागं.” भाऊजी म्हणाले, “तुले चालते हे तू त्यालेबी सांग अन् मलेबी सांग. पण खरं सांग. त्या दिवशी तुले चाललं होतं का?” इस्तारी म्हणाला, “चाललं नाई. पण पचलं होतं.” आणि तो गेला. हे वाक्य मी ऐकलं तेव्हा मला वाटलं, झालं, निकाल लागला. पचलं होतं... आमच्या सगळ्या भागाचा कारभार या दोन शब्दांवर चालला आहे, माझं दुकान धरून.

भाऊजींनी तक्रार मागं घेतली नाही. चौकशीच्या दिवशी मी माझी चारचाकी काढली. भाऊजी पुढं, इस्तारी मागं. त्याला बोलावणं आलं होतं, ज्याला बोललं गेलं तो हाच. चौकशी करणारे साहेब पुण्याकडचे, नवे आलेले, माणूस सरळ. त्यांनी कागद वाचला आणि मनापासून विचारलं, “‘बे’ म्हणजे नेमकं काय?” लिहून घेणारा कारकून आमच्याकडचाच, तो मान खाली घालून हसला. भाऊजींनी जी, गा, बे सगळं समजावून सांगितलं. साहेब म्हणाले, “म्हणजे आमच्याकडं ‘अरे’ म्हणतात तसंच की. मग एवढं काय त्यात?” भाऊजी म्हणाले, “साहेब, तुमच्या शिपायानं तुमाले अरे म्हणलं तं?” कारकुनाचं हसू गेलं. साहेबही हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत, त्यांना तो मुद्दा कळला असावा. मग त्यांनी इस्तारीला विचारलं, तुमची काही तक्रार आहे का? तलाठी समोरच बसला होता, सभ्यपणे, हात मांडीवर. इस्तारीनं खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक हातात घेतलं. म्हणाला, “नाई साहेब. आमच्या पोरावानी आहे तो. मायेनं म्हणते.”

संपलं. बाधित व्यक्तीची तक्रार नाही, तक्रारदार स्वतः बाधित नाही, सबब तथ्य आढळून येत नाही. भाऊजींनी इस्तारीकडं एकदाही वळून पाहिलं नाही. त्यांना त्याचा राग आला नव्हता, त्यांना त्याला लाजवायचं नव्हतं. आम्ही परतीची वाट धरली. फाट्यावर मी चहाला थांबलो. मी पैसे देत असताना इस्तारी टपरीवरून दोन कप घेऊन आला, एक भाऊजींपुढं धरला आणि म्हणाला, “घ्या जी, धनराजजी.” भाऊजींचा हात कपाजवळ गेला आणि तिथंच राहिला. “जी कोणाले म्हणून राहिला बे?” इस्तारीनं कप तसाच पुढं धरून ठेवला. त्याचे डोळे भरले होते. अपराधी माणसाला दुसऱ्याला ‘बे’ म्हणता येत नाही, हे मला तेव्हा समजलं. चहा आम्ही उभ्यानंच प्यालो.

पुढचं गावानं केलं, आणि दुष्टपणानं केलं नाही. चौकशी संपल्यावर तलाठी हळूहळू निवळला. एखादा कागद लवकर मिळू लागला. मग एके दिवशी कचेरीच्या दारात तो एका म्हाताऱ्याला म्हणाला, “काय बे, कुठं होतास इतके दिवस?” म्हातारा धावत चौकात आला आणि ओरडला, “बे आला गा, बे आला!” लोक आनंदले. त्या दिवशी तलाठ्याला गावानं चहा पाजला. इस्तारीचा फेरफारही झाला. सगळं पूर्ववत. एकट्या भाऊजींना मात्र तो ‘आपण’ म्हणत राहिला, अखेरपर्यंत. आणि गावानंही तेच उचललं. आधी धास्तीनं, न जाणो याला ‘बे’ म्हटलं तर हा लिहील कुठंतरी. मग चेष्टेनं. मग सवयीनं. पारावर ते गेले की माणसं सरकून जागा द्यायची, “या जी धनराजजी, बसा जी.” ज्यांनी त्यांना लंगोटीत पाहिलं होतं ती माणसं! इतका मान मिळालेला माणूस पारावर फार वेळ बसू शकत नाही. पुढं पुढं ते जाईनासे झाले. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावजत्रेला, झाडीपट्टीची नाटकं येत, ते पहिल्या रांगेत एकटे बसून बघत आणि पडदा पडायच्या आधी घरी येत. आणि इस्तारी, धुऱ्यापलीकडून तो रोज दिसायचा. धानाचा रोवणा झाला, निंदण झालं, कापणी झाली. दोघं आपापल्या बांधीत. “पाणी सोडलं का जी?” “सोडलं गा.” एवढंच.

ही त्यांची चूक होती का? मी या प्रश्नावर अजून त्यांच्याशी भांडतो. एक चूक तर होतीच, आणि ती मी त्यांच्या तोंडावर सांगितली होती. अपमान इस्तारीचा, फेरफार इस्तारीचा, आणि तक्रार करताना इस्तारीला विचारलं नाही. दुसऱ्याच्या मानासाठी लढायला निघालेल्या माणसानं निदान त्या दुसऱ्याला एकदा विचारायला हवं. भाऊजींनी हे ऐकून घेतलं होतं, नेहमीसारखं उलट उत्तर दिलं नव्हतं. आणि बाकीचं म्हणाल तर मला ठरवता येत नाही. तक्रारीनं काय झालं? गावाचं एक वर्ष नासलं, पोरांची वर्षं गेली, तलाठ्याचं तोंड जिथल्या तिथं आलं आणि एका माणसाचे सगळे मित्र गेले. हा हिशेब मांडला की माझंच खरं, गाईच्या लाथा गोड. पण मग मला त्या पोराचा तो चकित चेहरा आठवतो, जो मी पाहिलेलाही नाही. त्याला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. एवढ्या माणसांतून एकालाही वाटलं नव्हतं, की हे सांगण्याजोगं आहे. हे आठवलं की माझा हिशेब अडतो आणि मला भाऊजींचा पुन्हा राग येतो, कारण आता भाऊबीजेला मी कोणाशी बोलू?

शेवटची भेट भाऊबीजेचीच. जेवणं झाली होती, ताई भांडी घासायला मागं गेली होती. आम्ही घरालगतच्या सांदवाडीत खाटेवर बसलो होतो. भाऊजी तलावाच्या पाळीकडं बघत होते. मग सहज म्हणावं तसं म्हणाले, “दिलीप, तू मले एकदा बे म्हण ना.” मी हसलो. मला वाटलं थट्टा आहे. “कसं म्हणू भाऊजी? जवाई तुमी. ताई मले उभा चिरंल.” तेही हसले. “हो, तेबी आहे,” म्हणाले. “घरात बायको जी म्हणते, तू जी म्हणतोस, बाहेर सारे जी म्हणतेत... देवाले असंच होत असंल का रे?” मी काहीतरी बोललो आणि विषय बदलला. साळ्यानं जावयाला ‘बे’ म्हणायचं नसतं, हा काही माझा गुन्हा नाही, ती रीत आहे. पण त्यांनी मागितलेली ती शेवटची गोष्ट होती आणि ती माझ्याजवळ नव्हती, हे मनातून जात नाही.

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या वयाचे मित्र तिरडीजवळ येऊन त्याला शिव्या घालतात. ‘उठ ना बे, झोपलास काय’, ‘मले सोडून चालला का बे?’ असं ओरडून ओरडून रडतात. बायकांचं रडणं वेगळं आणि हे वेगळं. त्या दिवशी मी त्याची वाट पाहत होतो, खोटं कशाला बोलू. इस्तारी आला. गर्दी बाजूला झाली. तो पायाशी उभा राहिला, दोन्ही हात जोडले, वाकला आणि म्हणाला, “धनराजजी... माफ करा जी.” आणि मागं सरला. ताईनं पदरात तोंड लपवलं. मग आम्ही त्यांना उचललं.

मागच्या आठवड्यात वारसनोंदीसाठी मी ताईला घेऊन त्याच कचेरीत गेलो. साक्षीला गावचा माणूस लागतो, इस्तारी न बोलावता आला. तलाठी ताईला पाहून उठला, स्वतः खुर्ची ओढली, “बसा काकू, आपण बसा.” चांगलं बोलला भाऊजींबद्दल, मनापासून बोलला. मग कागद सरकवत इस्तारीला म्हणाला, “तू इकडं ये बे, अंगठा दे.” ताई बसायला वाकली होती, ती पुन्हा सरळ झाली. ही तीच माझी बहीण, जिनं त्या तक्रारीपायी नवऱ्याशी महिनाभर धड भाषण केलं नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणाली, “इस्तारीभाऊ, तुमी बसा जी.” इस्तारीनं तलाठ्याकडं पाहिलं. तलाठी गोरामोरा झाला. इस्तारीनं उभ्यानंच अंगठा दिला. ताईही बसली नाही. काम पटकन झालं, आम्ही बाहेर पडलो.

दुपारची वेळ, रस्त्याला कोणी नव्हतं. ताई आणि मी पुढं, इस्तारी दोन पावलं मागं. बोटाची शाई तो धोतराला पुसत होता. मागूनच त्याचा आवाज आला, “वयनी, त्यानं मले पयलेच इचारलं असतं नं, तं मी नाईच म्हणलो असतो.” ताई चालत राहिली. “म्हणूनच नाई इचारलं,” तो म्हणाला. आणखी थोडं चाललो. “वळखत होता मले पुरा... नाई का बे?”

वहिनीला कोणी ‘बे’ म्हणत नाही. मी त्या गावाचा पाहुणा, मला इस्तारीनं आजवर ‘जी’च म्हटलं आहे. रस्त्यावर आम्ही तिघंच होतो.